आयोडिनच्या कॅनमागे

दर तिसऱ्या दिवशी, पहाटे साडेचारला,
मी वीत्से होइत्स्माच्या अंगणात ट्रक मागे घेतो.
कालव्याकडून धुकं आलेलं असतं, कमरेएवढं,
त्यात गाईंच्या नुसत्या पाठी दिसतात,
काळ्यापांढऱ्या, पाय नसलेल्या,
कुणीतरी पाण्यात सोडून दिल्यासारख्या.

नळी जोडायची. तापमान बघायचं: साडेतीन.
वास घ्यायचा. हो, अजूनही नाकानंच.
नमुन्याची बाटली भरायची, चिठ्ठी चिकटवायची.
सव्वीस वर्षं मी फ्रीसलंडचं दूध वाहतोय
आणि एकाही गाईनं मला ओळख दिलेली नाही.

त्या दिवशी बाटली हातातून निसटली,
पुसायला फडकं शोधत होतो,
तर आयोडिनच्या कॅनमागे, रबरी बुटांच्या आड,
एक निळा डबा.
डब्यावर दाढीवाली शेळी.
शेळीच्या दुधाची भुकटी, चारशे ग्रॅम,
निम्मा संपलेला.
बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चमचा,
धुतलेला, पुसलेला, नीट गुंडाळलेला,
जसा एखादा माणूस दारूची बाटली ठेवतो.

शेजारच्या टाकीत सहा हजार लिटर दूध
पंख्याखाली गरगरत होतं.

मी डबा होता तसा ठेवला.
शेळीचं तोंड भिंतीकडे होतं, ते भिंतीकडेच केलं.

नोव्हेंबरात माझा पंप बिघडला.
मेकॅनिकला यायला दोन तास होते.
वीत्से म्हणाला, ये आत, कॉफी घे.
स्वयंपाकघरात फ्राउक्ये पावाला लोणी लावत होती.
तिनं माझ्यासमोर दुधाचा जग ठेवला,
त्याच्यासमोर काहीच ठेवलं नाही,
आणि आम्ही तिघंही त्या रिकाम्या जागेकडे
थोडा वेळ बघत बसलो.

मग तो उठला, बाहेर गेला,
डबा घेऊन आला, टेबलावर आपटला.
"तुला माहीत आहे. शेळी उलटी ठेवली होतीस."

(मी सुलटीच ठेवली होती. पण असो.)

तीन वर्षं झाली, म्हणाला.
पोट असं फुगायचं, की पट्टा सोडून ट्रॅक्टर चालवायचो.
डॉक्टरीणबाई म्हणाली, दूधच सोडा, ओटचं प्या.
ओट माझा घोडा खायचा.
हे मला चालतं. का चालतं, विचारू नकोस,
तिला विचारलं तर तीही खांदे उडवते.
फ्राउक्ये द्राख्तनहून आणते,
इथल्या दुकानात नाही घेत, इथं सगळे ओळखतात.

माझ्या बापानं याच टेबलावर, म्हणाला,
शेळी पाळणाऱ्याला कधी खुर्ची दिली नाही.

भुकटी त्यानं आधी थोड्या कोमट पाण्यात कालवली,
चमच्याच्या पाठीनं गुठळ्या मोडत,
एकेक, घाई न करता,
वासराला पहिल्यांदा बादलीतून पाजताना
बोट चाटवावं, तितक्या धीरानं.
तरी दोन गुठळ्या वर आल्याच.
त्या त्यानं ओठांनी उचलल्या.

मी म्हटलं, मलाही एक चमचा टाक.
ओल्या लोकरीचा किंचित वास,
मागून जिभेवर गोड, जरासं खारट.
"कळतं का?" त्यानं विचारलं.
नाही, मी म्हटलं.
सव्वीस वर्षांचं नाक माझं, आणि मी नाही म्हटलं.

फ्राउक्ये हसली. "दुधाची तहान भुकटीवर," म्हणाली,
किंवा फ्रीसी भाषेत असंच काहीतरी,
आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

मेकॅनिक आला. नळी पुन्हा धडधडू लागली.
टाकीतली पातळी उतरताना मी बघत होतो,
आणि खिडकीतून दिसत होता तो,
गोठ्याच्या दाराशी, नळाखाली वाकलेला.

आत जाण्याआधी चूळ भरत होता.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा भरून तोंडासमोर तळहात धरला, श्वास सोडला,
वास घेतला,
मग दार ढकललं
आणि म्हाताऱ्या सत्तेचाळीस नंबरला
नावानं हाक मारली.